भरणारी आणि चाखणारी

४ जानेवारी

वन्सं,

मायना लिहायला बसले की हात अडतो, म्हणून या वेळी तो वगळला. तुम्हाला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी आणि तुमचे बंधू. आमच्या इमारतीची लिफ्ट मात्र खुशाल नाही. भाऊजी तुम्हाला घेऊन गेले आणि थोड्याच दिवसांत ती दोन मजल्यांच्या मधे अडकली, ती अडकलीच. कारागीर येतात, डोकं खाजवतात आणि जातात. तुमचे बंधू रोज संध्याकाळी वजनकाट्यांच्या विक्री-दुरुस्तीचं दुकान बंद करून सगळे जिने धापा टाकत चढतात आणि वर आल्यावर म्हणतात, "माणसानं चालावं. तब्येत चांगली राहते." ज्या भाऊजींनी ती लिफ्ट इतकी वर्षं चालवली आणि दुरुस्त ठेवली त्यांचं नाव काढायचं नाही, म्हणून हा सगळा व्यायाम.

आता कामाचं. औषध संपत आलंय. (भाऊजी शेजारी बसून वाचत असतील तर त्यांना सांगा, या घरात त्याला दारू म्हणायची पद्धत नाही. कडक पांढऱ्या दारूत पाला, मुळं आणि साली मुरवलेल्या असल्या तरी ते औषधच.) तुमच्या शेवटच्या बरणीतली एकच बाटली उरली आहे. तुमचे बंधू रोज जेवण झालं की तो अंगठ्याएवढा पेला भरून घेतात आणि खिडकीकडे तोंड करून पितात. कोणाच्या हातचं पितोय हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि बोलायचं नाही हेही दोघांना ठाऊक आहे. तुमचा विषय निघालाच तर "तुझी नणंद" म्हणतात. "ताई" हा शब्द तुम्ही गेल्यापासून या घरात ऐकू आलेला नाही.

मी त्यांची बाजू घेत नाही. पन्नाशी उलटल्यावर बहिणीनं लग्न करायचं ठरवलं, तर तिच्याकडे बघून चारचौघांत हसायचं? "वर-खाली करणाऱ्या माणसाबरोबर तूही आता वर-खाली कर," हे बोलणं तुमच्याइतकंच मलाही झोंबलं. तुम्ही दारात बॅग उचलून म्हणालात, "तू बोलावशील तेव्हाच येईन." ते म्हणाले, "मग बस वाट बघत." दोघंही एकाच आईची. आता तुम्ही समुद्रापलीकडे वाट बघत बसलाय, ते इकडे खिडकीत बसलेत, आणि मधल्या मधे माझी फरफट.

तर वन्सं, कृती लिहून पाठवा. नियम मला माहीत आहे. भरणारीनं चाखायचं नाही आणि चाखणारीनं भरायचं नाही. तुम्ही बरणी भरायचात आणि गाळायच्या दिवशी पहिला चमचा माझा. आत काय गेलंय ते मला इतक्या वर्षांत कधी कळू दिलं नाहीत. ज्यानं घातलं त्याला जिभेवर तेच सापडतं, असं सासूबाई म्हणायच्या. पण प्रत्येक नव्या बरणीत मागच्या बरणीतला एक पेला जातो, हे सासूबाईंच्याही आधीपासून चालत आलंय. ही बाटली संपली की घालायला जुनं काही उरणार नाही. ते माझ्या कारकिर्दीत तुटलं असं व्हायला नको.

आणि तुम्ही नाही म्हणून घर खायला उठतं. हे आधी लिहायला हवं होतं, पण आधी लिहिलं असतं तर पुढचं काही सुचलं नसतं.

तुमची,
चाखणारी


२७ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं. चार पानं भाऊजींच्या गुडघ्यांबद्दल, अर्धं पान तुमच्या नव्या स्वयंपाकघरात ऊन कुठून येतं त्याबद्दल, आणि कृतीबद्दल एक ओळ. "सांगितलं तर तुझी जीभ बाटेल." वा! समुद्रापलीकडे बसून उंटावरून शेळ्या हाका.

तुम्ही पुढे जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. "त्यानं एकदा बोलावू दे, मी मिळेल त्या बोटीनं निघते, पण न बोलावता आले तर माझ्या नवऱ्याचा मान काय राहिला." मला पटतं हो. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. पण मी माझ्या जागी आहे, आणि माझ्या जागेवरून तुमची खुर्ची दिसते. तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवते. रिकामी दिसली की चुकून दोन कप चहा टाकला जातो.

कृती मिळणार नाही म्हटल्यावर मीच पदर खोचला. कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरी दारू आणायला गेले. दुकानदारानं मोठी बाटली कागदात गुंडाळताना माझ्याकडे एकदा आणि बाटलीकडे एकदा पाहिलं. "पाहुणे येणारेत वाटतं?" मी म्हटलं, "हो, येणारेत." तोंडातून निघून गेलं आणि घरी येईपर्यंत मला खरंच तसं वाटायला लागलं. जिन्यावर थांबून रडून घेतलं. लिफ्ट बंद असल्याचा तेवढा फायदा आहे, जिन्यावर कुणी थांबलं तर कोणी विचारत नाही.

एका लहान बाटलीत आधी करून बघते आहे. इतकी वर्षं जिभेला जे जे सापडलं ते आठवून घातलंय. संत्र्याची साल नक्की असणार. पुदिना नक्की. वेखंड बहुतेक. बडीशेपेबद्दल मला खात्री नाही, तरी घातली. हसू नका.


१९ फेब्रुवारी

वन्सं,

हसा.

काल गाळलं. हिरवट, गढूळ आणि वासाला खोकल्याच्या औषधासारखं. तरी तुमच्या बंधूंपुढे पेला ठेवला, म्हटलं बघू. त्यांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडातच धरला, मग उठून बेसिनपाशी गेले. परत आले ते तोंड पुसत.

"कुणावर विषप्रयोग करायचाय?"

"तुमच्यावरच करतेय, कळत नाही का?"

"मग बडीशेप कशाला वाया घालवलीस?"

एवढं बोलून त्यांनी जुन्या बाटलीतला नेहमीचा पेला भरला आणि खिडकीकडे वळले. मला राग आला नाही. ते खरं बोलले आणि मी स्वतः चाखलं होतं.

रात्रीची भांडी घासताना मला माझी पहिली बरणी आठवली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. सासूबाईंनी चमचा पुढे केला आणि म्हणाल्या, नव्या सुनेची जीभ कोरी असते, सांग कसं झालंय. मी चाखलं. सगळे माझ्याकडे बघत होते. चांगलं झालंय म्हटलं असतं तर सुटले असते. मी म्हटलं, "हे बिघडलंय." सासूबाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता माहेरी जायची तयारी करावी. आणि तुम्ही खदखदून हसलात. आईसमोर, भावासमोर. बरणी उचललीत, मोरीत पालथी केलीत आणि म्हणालात, "मुळं ओली होती, मला भरतानाच शंका होती. ही पोरगी खोटं बोलणार नाही. आजपासून चाखणारी ही." त्या दिवशी मी या घरातली झाले. मंगलाष्टकांनी झाले नव्हते.

त्यानंतर चमचा तोंडात असताना मी कधी खोटं बोलले नाही. तुमच्याशी तर नाहीच.

मोठ्या बरणीत उरलेली पांढरी दारू ओतून ठेवली आहे. नुसतीच. आत काही घालायचा धीर होत नाही. फडकं बांधून कपाटावर मागे सारून ठेवली. तुम्ही खुर्चीवर चढून ठेवायचात ना, तिथेच.


१० मार्च

वन्सं,

आज थोडक्यात लिहिते, कारण लांबवलं तर भलतंच लिहीन.

जुन्या बाटलीत तळाशी एक पेला उरलाय. परवा जेवण झाल्यावर मी नेहमीसारखा पेला पुसून पुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, पालथा घातला आणि म्हणाले, "बास झालं ते औषध आता. सवय मोडायला हवी."

"का? आवडत नाही का?"

"आवडायचं काय त्यात. कडू तर असतं."

आणि आतल्या खोलीत निघून गेले.

वन्सं, मला तो रोजचा पेला म्हणजे तुमचं येणं-जाणं वाटत होता. ते तोंडानं काही बोलत नसले तरी दिवसातून एकदा तुमच्या हातचं त्यांच्या पोटात जात होतं, आणि जोवर ते चालू आहे तोवर कधीतरी त्यांचं तोंड उघडेल असं मी धरून चालले होते. आता तेही बंद. खाली शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "बरं झालं ना, सुटली सवय." मी हो हो म्हटलं. काय सांगणार त्यांना?

तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. भाऊजी टोपीत छान दिसतात. तुम्ही बारीक झालात. फोटो मी डब्यांच्या मागे ठेवलाय. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो सुलटा होता, मी पालथा ठेवल्याचं मला आठवतं. पण अलीकडे मला काय काय आठवतं त्याचा भरवसा नाही.


३ एप्रिल

वन्सं,

बसून वाचा.

कपाटावरची बरणी आठवते ना? नुसत्या पांढऱ्या दारूची? मी तिच्यात काहीही घातलेलं नाही, भाऊजींच्या टोपीची शपथ. मध्यंतरी धूळ पुसायला खुर्चीवर चढले तर फडक्याची गाठ वेगळी. मी साधी गाठ मारते. ही सुतळीची, दुकानात काटा पाठवायचा असला की खोक्याला मारतात ती. फडकं बाजूला करून पाहिलं तर दारूचा रंग फिकट सोनेरी झालेला! आत तळाशी काहीबाही, आणि मधे संत्र्याची साल. अख्ख्या संत्र्याची, एकसंध, कुठेही न तुटलेली, बरणीच्या उंचीएवढी गोल गोल लोंबणारी.

अशी साल तुम्ही सोलता. मला कधी जमली नाही, माझी तीनदा तुटते. तुम्ही एकदा सांगितलं होतंत की लहानपणी तुमची दोघा भावंडांची पैज लागायची, कोणाची साल आधी तुटते. सासूबाई बरणी भरायच्या आणि तुम्ही दोघं पायाशी बसून सोलायचात. दोघं! इतकी वर्षं मी समजत होते की तुमच्या बंधूंना फक्त प्यायचं कळतं.

मी खुर्चीवरून उतरले आणि जुनी बाटली शोधली. ती धुऊन, पालथी घालून ओट्यावर ठेवलेली होती. तळाचा पेला बरणीत गेला होता. सवय मोडायची म्हणे! महाशयांनी शेवटचं जुनं हातचं राखलं होतं आणि मी इकडे सुतक धरून बसले होते. आतल्या गाठीचा माणूस म्हणतात तो हा.

मग एकेक गोष्टी दिसायला लागल्या. दुकानातला छोटा पितळी काटा, तोळा-मासा मोजायचा, तो शेल्फावरून नाहीसा झालाय. गिऱ्हाईक मागायला आलं तर म्हणाले, "दुरुस्तीला आहे." दुरुस्तीच्या दुकानातला काटा दुरुस्तीला! रविवारी मी बाजारातून आले तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आणि आत वर्तमानपत्राची घाईघाईनं फडफड. माणूस ओट्याशी उभा राहून वर्तमानपत्र वाचत होता. बोटांना संत्र्याचा वास.

"संत्रं खाल्लंत वाटतं?"

"हं."

"साल कुठेय?"

"टाकली."

मी पुढे काही विचारलं नाही. त्याहून पुढचं सांगते. मी आत पाहणंही सोडलं. जिन्यावरूनच खोकत येते, चाव्या वाजवते, दारात चपला आपटते, म्हणजे त्यांना आवरायला वेळ मिळतो. बरणीकडे मान वर करत नाही. काय गेलंय, कधी गेलंय, किती गेलंय, मला जाणून घ्यायचं नाही. भरणारा मिळालाय वन्सं. चाखणारीनं आपली जीभ सांभाळायला हवी.

तुम्ही मात्र त्यांना एका शब्दानं काही लिहू नका. गाडं हलतंय, आत्ता कोणी ढकललं तर ते हट्टानं उतरून बसतील.


२१ मे

वन्सं,

आज गाळलं.

सकाळी ते दुकानात गेलेच नाहीत. चहा झाल्यावर खुर्चीवर चढले, बरणी खाली काढली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "ही कसली बरणी आहे, बघ तरी. किती दिवस पडून आहे." मी म्हटलं, "अगंबाई, विसरलेच होते मी." दोघांपैकी एकालाही हसू आलं नाही. नाटक कंपनीत घेतलं असतं आम्हाला.

गाळायला चार हात लागतात. दर वर्षी फडकं तुम्ही धरायचात. आज त्यांनी धरलं, चारी टोकं मुठीत घेऊन, तुमच्यासारखंच थोडं आत दुमडून. मी ओतत होते. रंग असा उतरला की मी ओतता ओतता थांबले. "ओत ना," ते म्हणाले.

मग चमचा. मी नेहमीसारखी खिडकीशी गेले आणि डोळे मिटले.

वन्सं, तुम्हाला खरं सांगते, चमचा तोंडात असल्यासारखं सांगते. आधी जिभेच्या कडांना कडू आलं. मग मधे संत्रं उघडलं. मग ते गरम, मिरमिरणारं, ज्याचं नाव मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. गिळल्यावर क्षणभर काहीच नाही, आणि मग उशिरा, अगदी शेवटी, घशात तो गारवा. सगळं होतं. जागच्या जागी होतं. तुमच्या हातचं दर वर्षी थोडं इकडेतिकडे व्हायचं, एका वर्षी साल जास्त, एका वर्षी मूळ जास्त. हे काट्यावर तोललेलं. इतकं नेमकं औषध मी या घरात आजवर चाखलेलं नाही. मला सासूबाई दिसल्या, तुम्ही दिसलात, मोरीत पालथी केलेली ती बरणी दिसली. डोळे उघडायला वेळ लागला.

ते माझ्याकडे बघत होते. हातात ओलं फडकं तसंच. कसं झालंय असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं,

"काहीतरी कमी आहे ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, तो चेहरा मला पाठ आहे. काटा बरोबर असतो आणि गिऱ्हाईक उगाच हुज्जत घालतं तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा असतो. हा चेहरा तो नव्हता. या चेहऱ्याला हवं होतं की मी हो म्हणावं.

चमचा अजून माझ्या हातात होता. मी म्हटलं, "हो. कमी आहे."

"मला वाटलंच," ते म्हणाले. अजून एक थेंबही चाखला नव्हता त्यांनी.

फडक्यातून ओट्यावर थेंब पडत होते. मग मीच म्हटलं, "आता काय करायचं?"

"करायचं काय. ज्याला माहीत आहे त्याला विचारायचं."

"पत्र लिहून विचारते."

"पत्रानं चव कळते का?" ते एकदम चिडले. मग फडकं पिळायला लागले, पिळून पिळून कोरडं केलं, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "ताईला म्हणावं, येऊन चाख."

वन्सं, ताईला म्हणाले. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. दारापर्यंत गेल्यावर ते थांबले.

"आणि तिच्या त्या माणसाला सांग, येताना हत्यारं घेऊन ये. किती दिवस जिने चढायचे माणसानं?"

एवढं बोलून ते दुकानात गेले. आता संध्याकाळ व्हायला आली आहे आणि मी लिहिते आहे. बाटल्या भरलेल्या नाहीत. बरणी खालीच ठेवली आहे, तुमच्या खुर्चीशेजारी. इस्त्रीचे कपडे उचलले.

यंदा बरणी तुम्ही भरलेली नाही, म्हणजे नियमानं पहिल्यांदाच चाखायची पाळी तुमची. आल्या आल्या ते चमचा पुढे करतील आणि विचारतील. तेव्हा खिडकीशी जा, डोळे मिटा, हवा तेवढा वेळ घ्या. रडू आलं तर कडूपणावर ढकला. कमी काहीही नाही, तुमच्या लक्षात येईलच. पण तुम्ही म्हणा, कमी आहे. म्हणा, असं उभ्या उभ्या सांगता येणार नाही, नवी बरणी भरून बघावी लागेल. आणि संत्री यायला अजून पुष्कळ महिने आहेत, तोवर इथेच राहा.

तुमची,
चाखणारी